वीसपैकी सतरा

"अहो, भाजतंय!"

"कुणाला?"

"तुम्हाला!"

तिनं खाली पाहिलं. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर चहाच्या यंत्रापाशी ती उभी होती. उजव्या हातातला कागदी पेला तिच्याच मुठीत चेपला गेला होता, आणि उकळता चहा बोटांवरून मनगटाच्या पट्टीकडे ओघळत होता. बोटं लालभडक झाली होती. तिला मात्र... काहीच होत नव्हतं. जणू दुसऱ्याच कुणाचा हात भाजत होता आणि ती बाजूला उभी राहून बघत होती.

ओरडणाऱ्या माणसानं पेला काढून घेतला, तिची बाही वर सारली आणि तिचा हात शेजारच्या बेसिनच्या नळाखाली धरला. पांढरा कोट, विस्कटलेले केस, कोटाच्या खिशात एक चपटी पत्र्याची डबी.

"किती वेळ धरणार आहात?" तिनं विचारलं.

"दहा मिनिटं. नियम आहे."

"हात माझा आहे."

"सध्या तो पाण्याचा आहे. दहा मिनिटांनी तुम्हाला परत करतो."

ती हसली नाही. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसावंसं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं.

"तुम्ही डॉक्टर?"

"छे. मी सुया टोचतो."

"मीही सुया टोचते."

"कुणाला?"

"कोटांना," ती म्हणाली. मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "...टोचायचे."

ती रफू करायची. आई-वडिलांच्या मागे आत्यानं तिला वाढवलं होतं, आणि आत्याचं रफूचं दुकान हेच तिचं घर, शाळा आणि अंगण होतं. चार वर्षांपूर्वी आत्याचे डोळे अधू झाले, तेव्हापासून दुकानाला दोनच डोळे उरले आणि दोनच हात... तिचे. कसरीनं खाल्लेला कोट असो की निखाऱ्यानं जळालेली शाल, ती आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि भोकावर एकेक धागा वर-खाली विणत जायची. काम जमलं की नाही हे डोळ्यांना कळत नसे. डोळे मिटून त्या जागेवरून तर्जनीचं टोक फिरवायचं. बोट कुठे अडखळलं नाही, तर काम झालं.

मग एके दिवशी दुकानातल्या काचेच्या कपाटाचं दार निखळलं. ते सावरायला तिनं हात पुढे केला, आणि काच मनगटात शिरली. मनगटातली मधली नस आरपार तुटली होती. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी ती दुर्बिणीखाली जोडली आणि म्हणाले, "जोडणं माझ्या हातात. वाढणं तिच्या हातात. दिवसाला एक मिलिमीटर, तेही तिची मर्जी असेल तर."

तेव्हापासून अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुकी होती. ती बोटं परत आली नाहीत तर आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची हिंमतही नव्हती.

त्याच दुपारी तिला तळमजल्यावरच्या ज्या खोलीत पाठवलं, तिथे पत्र्याची चपटी डबी उघडून तोच बसला होता.

"या," तो म्हणाला. "हात आणलात ना?"

उपचार आठवड्यातून तीनदा. केसाएवढ्या सुया तो तिच्या हातात टोचायचा, दंडाकडून तळव्याकडे, अगदी हळू. सुयांना चिमटे, चिमट्यांना तारा, तारा एका छोट्या पेटीत. पेटीचं बटण फिरवलं की मंद टक-टक सुरू व्हायची, आणि तिच्या हाताचे स्नायू तिला न विचारता उडायचे. खोलीला स्पिरिटचा वास यायचा. छतावरची दिव्याची एक नळी सतत मिचमिचायची. शेजारच्या खाटेवर खांदा निकामी झालेला एक रंगारी असायचा. दोन वर्षं येत होता. तो म्हणायचा, "बाई, माणसातली आशेची नस तेवढी तुटत नाही. तीच तुटायला हवी होती." मग एक दिवस तो यायचाच बंद झाला. त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"यानं नस वाढते?" तिनं विचारलं.

"वाढायला थोडी मदत होते, असं दिसतं. छातीठोकपणे सांगणार नाही." तो चिमटा सरळ करत म्हणाला. "पण खरं काम इथे नाहीच. ते वर आहे." त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "मेंदूत प्रत्येक बोटाची एक खोली असते. बोटाकडून निरोप यायचे थांबले की खोली ओस पडते. आणि ओस खोली बघितली की शेजारी काय करतात?"

"अडगळ आणून टाकतात."

"बरोबर. करंगळी येते, गाल येतो, जो तो पथारी पसरतो. उद्या तर्जनीची नस वाढून दारात आली, तरी आत जागाच नाही. म्हणून ही टक-टक. खोलीत माणूस आहे, एवढं सांगत राहायचं."

"आणि नस वाढताना चुकली तर? तर्जनीची मधल्या बोटात गेली तर?"

"जातातच. हजारो धागे असतात. थोडे इकडचे तिकडे. मग मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, कुठला निरोप कुणाचा." तो हसला. "तुमच्यासारखंच काम. फक्त उसवलेला नग आतून नीट करायचा."

"माझ्या कामात धागे इकडचे तिकडे झाले तर गिऱ्हाईक कोट तोंडावर फेकतं."

"मग मीही आता तयारीनं बसतो."

ती हसली. तो सुई टोचायची विसरला.

दर गुरुवारी चाचणी. डोळ्यांवर पट्टी. इस्पितळाच्या पट्टीला कसलासा वास येतो म्हणून आत्यानं चाचपत चाचपत काळ्या कापडाची नवी शिवून दिली होती. नायलॉनचा बारीक तंतू लावलेली काडी तो एकेका बोटाला टेकवायचा आणि विचारायचा, "कुठलं?" वीस प्रश्न. तो कागदावर खुणा करायचा.

पहिल्यांदा वीसपैकी तीन आले. तेही अंदाजानं.

"आत्याला काय सांगू?" तिनं विचारलं.

"तीन सांगा."

"ती म्हणेल, इतके दिवस सुया खाऊन तीन?"

"मग म्हणावं, सुईवाला मठ्ठ आहे."

"ते ती आधीच म्हणते."

चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी बाहेर बारीक पाऊस होता आणि खोली अगदी शांत होती. पट्टीआडच्या काळोखात तिला ऐकू आलं... त्यानं श्वास रोखला. "कुठलं?" "तर्जनी," ती म्हणाली. आणि तो हसला. लहानसं, नाकातून, स्वतःशीच झालेल्या आनंदाचं हसू. ते हसू तिच्या कानातून थेट छातीत उतरलं.

पुन्हा श्वास रोखला. "तर्जनी." पुन्हा ते हसू.

मग तिला सगळंच ऐकू येऊ लागलं. अंगठ्याकडे येताना त्याची खुर्ची डावीकडे करकरायची. मधल्या बोटाच्या वेळी त्याची बाही तिच्या हाताखालच्या उशीला घासायची. जन्मभर धाग्यांची चाल ओळखत आलेली बाई ती. एका माणसाची चाल ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? पहिल्या गुरुवारी ते नकळत झालं. दुसऱ्या गुरुवारी कळून-सवरून. तिसऱ्या गुरुवारपासून तिनं स्वतःला समजावलं, कोण जाणे, थोडंफार बोटालाही कळत असेल.

सात. बारा. पंधरा. सतरा.

एकदा मध्येच ती ठामपणे "मधलं" म्हणाली, आणि तो बराच वेळ गप्प राहिला. ना हसू, ना पेन्सिलीचा आवाज.

"चुकलं का?"

"नाही... पुढे चला," तो म्हणाला.

नवव्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. ही ठरवण्याची वेळ होती. नस बोटांपर्यंत पोचत नसेल, तर मनगट पुन्हा उघडून पायातल्या नसेचा तुकडा तिथे जोडायचा. तोही वेळेत, कारण उशीर झाला की स्नायू वाळतात आणि मग कशाचाच उपयोग नसतो. नस तपासायच्या यंत्राचा अहवाल धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि गुरुवारचा कागद उचलला.

"वीसपैकी सतरा! छान. मग उगाच कशाला उघडायचं?"

दाराशी सुईवाला उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

घरी आत्यानं तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. "माझं सोनं ते! आता तो करड्या रंगाचा कोट घे करायला. त्याचा म्हातारा मालक रोज येऊन बसतो."

दोन महिने तिनं तो कोट आज-उद्यावर ढकलला. अकराव्या महिन्यात मात्र ढकलायला काही उरलं नाही. ती खिडकीशी बसली. सुई अंगठा आणि तर्जनीत धरली, म्हणजे धरली आहे हे डोळ्यांनी बघितलं. तासभर ती मान खाली घालून विणत राहिली. शेवटी सवयीनं डोळे मिटले आणि त्या जागेवरून बोट फिरवलं.

डोळे उघडले तेव्हा करड्या कापडावर लाल रेघ होती. सुई तर्जनीच्या टोकात रुतून मोडली होती. केव्हाची, देव जाणे.

आत्याला डाग दिसला नाही. तिनं कापडाला हात लावला, ओलं लागलं, बोटं नाकाशी नेली.

"हे काय गं?"

तिनं बोटातला सुईचा तुकडा उपटला.

"कागदावर सतरा," आत्या सावकाश म्हणाली, "आणि इथे?"

मग तिनं सगळं सांगितलं. श्वास, खुर्ची, बाही. हसूसुद्धा. आत्यानं ऐकून घेतलं. रागावली नाही, आणि तेच जास्त लागलं.

"अगं, हात त्याचा नव्हे, तुझा आहे. त्याला खूश करायला तू स्वतःचा हात दिलास?" मग बऱ्याच वेळानं, "हसतो तरी चांगलं का मेला?"

"हो," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्या गुरुवारी तिनं पट्टी बांधूच दिली नाही.

"आज चाचणी नको."

"का? दुखतंय?"

"दुखलं असतं तर बरं झालं असतं." तिनं पट्टीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तर्जनीच्या आधी तुम्ही श्वास रोखता. अंगठ्याला येताना खुर्ची करकरते. मधल्या बोटाला बाही घासते. आणि लागोपाठ दोनदा एकच बोट विचारायचं असलं की तुम्ही आधीच थोडे मजेत येता... फसवायला निघाल्यासारखे."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मला बोटं कळत नव्हती हो," ती म्हणाली. "मला तुम्ही कळत होता."

पेटी बंदच होती, तरी त्यानं हात लांब करून तिचं बटण पुन्हा एकदा बंद केलं.

"असं... असं कुणी सांगतं का?"

"दुसरं कसं सांगतात ते मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदाच सांगतेय."

तो उठला. खिडकीपाशी गेला, परत आला, खुर्चीत बसला. खुर्ची करकरली आणि दोघंही दचकली.

"आता माझं ऐका," तो म्हणाला. "चाचणीत मधूनमधून कोरे प्रश्न टाकायचे असतात. काडी टेकवायचीच नाही, नुसतं विचारायचं, कुठलं बोट? माणूस 'काहीच नाही' म्हणाला तर त्याला खरंच कळतंय. पाचव्या महिन्यात मी तीन कोरे टाकले. तुम्ही तिन्हींना उत्तर दिलंत. ठाम." त्यानं घसा साफ केला. "मी ते तीन कागदावर घेतलेच नाहीत. पुन्हा कधी कोरे टाकले नाहीत."

"का?"

"तुम्ही इतक्या खूश होता, म्हणून..." तो थांबला. "नाही. हे खोटं आहे. मी खूश होतो."

छतावरची नळी मिचमिचत राहिली. त्याला तिचा हात हातात घ्यावासा वाटला असेल, कारण त्याचा हात उशीपर्यंत आला आणि तिथून मागे गेला.

"मग?" ती म्हणाली.

"मग वर जायचं. मोठ्या डॉक्टरांकडे. दोघांनी."

"तुमची नोकरी..."

"तुमची तर्जनी," तो म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

नवी चाचणी विभागाच्या प्रमुख बाईंनी घेतली. रुग्ण त्यांना पाठीमागे मुख्याध्यापिका म्हणत. त्यांनी मध्ये लाकडी पडदा उभा केला, खुर्ची बाजूला सारून उभ्यानंच विचारलं, आणि एकदाही हसल्या नाहीत. वीसपैकी चार. शिवाय पाच कोऱ्या प्रश्नांपैकी दोन प्रश्नांना तिनं उत्तर दिलं. त्या वेळी ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की कुणी स्पर्श केला. या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मोठे डॉक्टर दोघांवरही ओरडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "नवव्या महिन्यात उघडलं असतं तर मी तुम्हाला बरंच काही सांगू शकलो असतो. आता निम्मं-निम्मं. निम्म्याहून थोडं कमीच. सोमवारी या."

त्याच दिवशी सुईवाल्याला सुयांच्या खोलीतून काढून सामानाच्या कोठीत बसवलं. रुग्णाला हात लावायचा नाही, आणि इस्पितळात या रुग्णाच्या आसपासही फिरकायचं नाही. तो फिरकला नाही.

पोटरीतून नसेचा तुकडा काढून मनगटात बसवला. त्या पायाची कड कायमची बधिर झाली. "झालं," आत्या म्हणाली, "आता चप्पल रस्त्यात राहिली तरी हिला घरी आल्यावर कळणार." आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

सुयांच्या खोलीत आता मुख्याध्यापिका टोचायच्या. त्यांचा हात चांगला होता. पेटी तशीच टक-टक करायची. तिथे ती आता जे कळायचं तेच सांगायची, म्हणजे बहुतेक वेळा "काही नाही". दिवसाला एक मिलिमीटर पुन्हा पहिल्यापासून मोजायचा होता.

टाके निघाल्यानंतरच्या रविवारी दुकानाच्या दारात कुणीतरी खाकरलं.

"कोण?" आत्यानं डोळे बारीक केले.

"मी... सुईवाला."

"आता कशाला? अजून काही टोचायचं राहिलंय?"

"आत्या, येऊ दे त्यांना," ती आतून म्हणाली.

तो फळीच्या अलीकडे, गिऱ्हाईकांच्या स्टुलावर बसला.

"तुम्ही प्रायश्चित्त घ्यायला आला असाल तर नका येऊ," ती म्हणाली. "रोज येऊन माझ्या हाताकडे बघणार, चेहरा पाडणार, आणि मी तुमचं सांत्वन करणार... माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

"मग कशाला येऊ?"

"ते तुम्ही ठरवा. पण हाताबद्दल विचारायचं नाही. मी सांगेपर्यंत एक अक्षर नाही."

"मग काय विचारू?"

"इतकी मोठी बाई बसलीय समोर. हात सोडून बाकी काही आहे की नाही तिला?"

तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. तेच हसू. तिनं मान वळवली.

"बरं," तो म्हणाला. "तुम्हाला राग आला की तुम्ही घड्या का घालता?"

तो दर रविवारी येऊ लागला. आत्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. आत्या त्याला वाचता येत नाही म्हणायची आणि पुढच्या रविवारसाठी आठवड्याचे अंक राखून ठेवायची. सामानाच्या कोठीत किती बादल्यांना कान नाहीत, हे त्या दोघींना पाठ झालं. तिच्या हाताकडे तो बघायचा नाही. इतकं कसोशीनं बघायचा नाही, की ती कधी कधी मुद्दाम तो हात फळीवर ठेवायची. तो मग छताकडे बघून बोलायचा.

असं वर्ष जवळजवळ सरलं. थंडी पडली होती. त्या रविवारी ती डाव्या हातानं एका शालीचे धागे वेगळे करत होती. आत्या आत पडली होती.

"आज विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारायचं नाही ते."

त्यानं वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली.

"हात कसा आहे?"

"अंगठा आला. मधलं बोट बरंचसं आलं. गार-गरम कळतं, टोचलेलं कळतं. जाड लोकर जमते मला आता." ती थांबली. "तर्जनी नाही आली. येणारही नाही. परवा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. रेशीम, बारीक लोकर... ते काम संपलं माझं."

वर्षभर सगळे तिला म्हणत आले होते, येईल, येईल. त्यानं तसं म्हटलं असतं, तर तिनं त्याला उठून जायला सांगितलं असतं. तो म्हणाला नाही. तो पहिल्यांदा सरळ तिच्या हाताकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते तो लपवत नव्हता.

"मी ते तीन कोरे कागदावर घेतले असते, तर..."

"तर कदाचित आली असती," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं नाही. "आणि मी खोटं बोलले नसते, तरीही. हे आता आपल्यात राहणार. पुसता यायचं नाही. सकाळी उठून बटणं लावायला घेतली की पहिल्यांदा हेच दिसेल, मला आणि तुम्हालाही. चालणार असेल तर राहा."

तिनं धागे बाजूला ठेवले. घडी घातली नाही.

"चालणार नाही," तो म्हणाला. "पण राहतो."

आतून आत्याचा आवाज आला, "राहतोय ना? मग ते दार लाव म्हणावं आधी. गारठा येतोय आत."

तो उठला, दार लावून आला, आणि फळीला वळसा घालून तिच्या बाजूला येऊन बसला.